किपचाक: मूळ कुठले, आणि पांगले कुठवर?

गवताळ_वाट (धागाकर्ता):

इजिप्तचा सुलतान बैबर्स किपचाक, म्हणजे युरेशियाच्या गवताळ पट्ट्यातल्या तुर्की भाषा बोलणाऱ्या भटक्या लोकांपैकी होता. हंगेरीचा राजा चौथा लास्लो आईकडून किपचाक होता. जॉर्जियाच्या चौथ्या दाविद राजाची राणी गुरांदुख्त ही किपचाक सरदाराची लेक होती, आणि चंगीझखानाशी वैर ओढवून घेणाऱ्या ख्वारझमशाह मुहम्मदाची आई तेरकेन खातून हीसुद्धा किपचाक-कांगली गोतावळ्यातली होती. असे असूनही किपचाकांचे स्वतःचे म्हणावे असे साम्राज्य, राजधानी किंवा दरबारी बखर यांपैकी काहीच नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते शेजाऱ्यांनी, शत्रूंनी, सोयऱ्यांनी आणि धन्यांनी लिहिले, आणि जो तो आपापल्या परीने त्यांना नाव देत गेला. रशियन बखरींत ते पोलोव्त्सी आहेत, बायझंटाइन आणि लॅटिन लेखनात कुमन, हंगेरीत कुन, तर अरबी-फारसी ग्रंथांत किफचाक. कुमन आणि किपचाक हे मुळात दोन वेगळे समूह होते आणि पुढे एकमेकांत मिसळले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्यांच्या मुळाचा शोध घेताना सर्वांत जुना पुरावा म्हणून मंगोलियातल्या शिने-उसू येथील शिलालेखाकडे बोट दाखवले जाते. उइगुरांचा खाकान (सम्राट) मोयुन-चुर याचा हा आठव्या शतकाच्या मध्यावरचा लेख फिन्निश संशोधक रामस्टेट यांना १९०९ साली सापडला. तुर्क आणि त्यांच्याबरोबर आणखी कोणी आमच्यावर ५० वर्षे राज्य करीत होते, अशा आशयाची एक ओळ त्यात आहे, आणि त्या दुसऱ्या नावाची अक्षरे नेमकी झिजलेली आहेत. रशियन अभ्यासक क्ल्याश्तोर्नी यांनी तेथे ‘किपचाक’ असे वाचले. हे वाचन अशक्य नाही, पण झिजलेल्या दोन-तीन अक्षरांवर एका लोकसमूहाचा पाच शतकांचा इतिहास उभा करणे मला धाडसाचे वाटते.

त्यापेक्षा भक्कम जमीन सायबेरियातल्या इर्तिश नदीच्या काठी लागते. नवव्या शतकात इब्न खुर्दादबिह हा भूगोलकार तुर्क जमातींच्या यादीत त्यांचे नाव घेतो. अकराव्या शतकाच्या मध्याला गर्दीझी हा फारसी लेखक किमाक नावाच्या जमातींच्या संघाची उत्पत्तिकथा सांगतो. तातारांच्या सरदाराचा धाकटा मुलगा थोरल्या भावाशी भांडून एका दासीसह इर्तिशकाठी पळून येतो, मागाहून त्याच गोतातली सात माणसे धन्याची जनावरे चारायला तेथे पोहोचतात, आणि मागे आपला मुलूख शत्रूने उद्ध्वस्त केल्याची बातमी आल्यावर सर्व जण तेथेच राहतात. या सातांपैकी एकाचे नाव किफचाक आहे. कथा अर्थातच कथा आहे, परंतु तिच्यातून एवढे नक्की दिसते की त्या काळी किपचाक हे किमाकांच्या मोठ्या संघातील एक घटक होते आणि आपण पूर्वेकडून आलो अशी त्या संघाची समजूत होती.

त्यानंतरच्या हालचालीचे वर्णन १२व्या शतकाच्या आरंभी अल-मरवझीने केले आहे. कुन नावाचे लोक उत्तर चीनवर सत्ता असलेल्या खितानांच्या भीतीने आणि कुरणे अपुरी पडल्यामुळे पूर्वेकडून निघाले. त्यांच्या पाठलागावर ‘काय’ नावाचे अधिक बलवान लोक आले. कुनांनी शारी लोकांना हलवले, शारी तुर्कमेनांच्या प्रदेशात घुसले, तुर्कमेन ओघुझांच्या, आणि ओघुझ पेचेनेगांच्या प्रदेशात समुद्राच्या दिशेने सरकले. विशेष म्हणजे एडेसाचा मॅथ्यू हा आर्मेनियन इतिहासकार स्वतंत्रपणे अशाच ढकलाढकलीची नोंद करतो आणि ती १०५०च्या सुमारास ठेवतो. रशियन बखरींतील तारखा त्याला बरोबर जुळतात: पोलोव्त्सींची पहिली गाठ १०५५ साली पडली, पहिला हल्ला १०६१ साली झाला, आणि १०६८ साली आल्ता नदीवर रशियन राजपुत्रांच्या एकत्रित सैन्याचा पराभव झाला. त्याच शतकात अरल समुद्राच्या उत्तरेचा प्रदेश, ज्याला पूर्वी ओघुझांचे वाळवंट म्हणत, तो नासिर खुसरोच्या फारसीत ‘दश्त-ए-किपचाक’ झाला, आणि पुढे हेच नाव इर्तिशपासून डॅन्यूबपर्यंतच्या सबंध गवताळ पट्ट्याला लागले.

इतक्या मोठ्या प्रदेशावर त्यांचा एकच खान कधीही नव्हता. रेगेन्सबर्गचा पेताखिया हा यहुदी प्रवासी १२व्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या मुलखातून गेला. त्यांच्यात राजा नाही, केवळ सरदार आणि कुलीन घराणी आहेत, असे तो लिहितो. नद्या ओलांडण्याची त्यांची रीत त्याने बारकाईने पाहिली आहे. घोड्यांची दहा कातडी ताणून एकत्र शिवायची, कडेने दोर ओवायचा, त्यावर गाड्या आणि सामान लादून माणसांनी बसायचे, दोराची टोके घोड्यांच्या शेपट्यांना बांधायची आणि घोडे पाण्यात घालायचे. पूल नाही, नावाडी नाही, ठरलेला उताराही नाही. ज्यांना डॉन किंवा नीपर ही अडचणच वाटत नव्हती, त्यांच्या स्थलांतराचा नकाशा एका बाणाने काढता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की किपचाक नावाचे एकसंध लोक एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी पोहोचले, हे चित्रच चुकीचे आहे. स्थलांतर केले ते घराण्यांनी. एखादे घराणे दूरवरून येई, स्थानिक लोकांचे पुढारपण मिळवी, आणि दोन पिढ्यांत दोघांना मिळून एकच नाव पडे. जाणकारांनी यावर मते मांडावीत.

---

पाथेय:

उत्तम धागा. आपल्या मताला बळकटी देणारा एक उतारा चिनी युआन राजवंशाच्या अधिकृत इतिहासात आहे. कुब्लाईखानाच्या सेवेतील तुतुखा या किपचाक सेनापतीच्या चरित्रात त्याच्या पूर्वजांचे मूळ ठिकाण वुपिंगच्या उत्तरेला, म्हणजे आजच्या इनर मंगोलियाच्या पूर्व भागाकडे सांगितले आहे. कुचू नावाचा पूर्वज तेथून निघून वायव्येला युलिबोली नावाच्या डोंगरापाशी स्थायिक झाला, त्या डोंगरावरून घराण्याचे नाव पडले, आणि त्याने आपल्या राज्याला किपचाक म्हटले. युलिबोली हे ओल्बेर्ली या नावाचे चिनी रूप आहे, आणि ओल्बेर्ली हे व्होल्गा-उरल भागातील किपचाकांचे एक प्रमुख घराणे होते. काही अभ्यासक या स्थलांतराचा संबंध १२व्या शतकाच्या पूर्वार्धात खितानांची सत्ता कोसळण्याशी जोडतात.

याचा अर्थ असा की किपचाक पश्चिमेत डॅन्यूबपर्यंत पोहोचून एक-दोन पिढ्या झाल्यावरही पूर्वेकडून नवी घराणी येऊन त्यांच्यात मिसळत होती, आणि ती मूळची बहुधा मंगोल भाषा बोलणारी असावीत.

त्याच चरित्रात एक संवाद आहे, तो येथे देण्याचा मोह आवरत नाही. मेर्कित या मंगोलियातल्या जमातीचा सरदार खोदू चंगीझखानापुढून पळून कुचूचा नातू इनास याच्या आश्रयाला आला. चंगीझखानाने निरोप पाठवला की माझा बाण अंगात घेऊन पळालेले हरीण तू का दडवले आहेस, ते परत कर, नाही तर संकट तुझ्यावर येईल. इनासने उत्तर दिले की ससाण्याला चुकवून आलेल्या चिमणीला झुडूपसुद्धा वाचवते, मग मी काय गवत-झाडांहूनही हलका आहे? पुढे जे व्हायचे ते झालेच. इनासच्या वंशजांनी मंगोलांची चाकरी पत्करली, युआन दरबारात किपचाकांचे खास रक्षकदल उभे राहिले, आणि १३२८ साली तुतुखाचा नातू एल-तेमूर हा बादशहा बसवण्या-उठवण्याइतका प्रबळ झाला. आश्रितासाठी ज्यांनी घर गमावले त्यांचेच नातू-पणतू धन्याच्या घराचे कारभारी झाले, असा हा फेरा आहे.

---

तख्तपोशी:

ओल्बेर्ली घराण्याचा उल्लेख आला म्हणून दिल्लीचा विषय काढतो. शाळेच्या इतिहासात आपण ज्याला गुलाम घराणे म्हणून शिकतो, त्यातील इल्तुत्मिश आणि बलबन या दोघांनाही समकालीन इतिहासकार मिन्हाज-ए-सिराज जुजजानी ‘इल्बारी’ म्हणतो. इल्बारी म्हणजेच ओल्बेर्ली, असे आज बरेच अभ्यासक मानतात. जुजजानीच्या मते बलबनाचा बाप १०,००० कुटुंबांचा खान होता. मंगोलांच्या धाडीत पोरगा पकडला गेला, बगदादला विकला गेला, बसऱ्याच्या जमालुद्दीन नावाच्या व्यापाऱ्याने त्याला घेतले आणि गुजरातमार्गे १२३२-३३च्या सुमारास दिल्लीला आणले, जिथे इल्तुत्मिशने त्याला विकत घेतले. इल्तुत्मिशची कहाणी त्याहून जुनी: त्याला तर मत्सराने पेटलेल्या भावांनीच घोड्यांच्या व्यापाऱ्याला विकले, असे जुजजानी सांगतो.

आता तुलना करून पाहावी. तुतुखाचे घराणे पेकिंगला, बलबन दिल्लीला, आणि दोघांची मुळे एकाच ओल्बेर्ली नावात. मंगोल वावटळीने एकच कूळ आशियाच्या दोन टोकांना नेऊन टाकले.

---

पाथेय:

तख्तपोशी, येथे थोडे सावध राहावे असे सुचवतो. जुजजानी दिल्लीच्या अनेक सरदारांना थेट ‘किफचाक’ म्हणतो, उदाहरणार्थ बंगालमध्ये बंड करणारा युझबक तुघ्रिलखान आणि मुलतान-उच्छचा किश्लूखान. इल्तुत्मिश आणि बलबन यांच्याबाबत मात्र तो इल्बारी हाच शब्द वापरतो. दोन्ही नावे त्याच्या मनात एकाच पातळीवरची नव्हती. शिवाय जुजजानी बलबनाच्या आश्रयाने लिहीत होता. धन्याचा बाप खान होता हे सांगणे त्याच्या सोयीचे होते. बाजारात विकल्या गेलेल्या मुलाची वंशावळ तख्तावर बसल्यावर सुधारते, हे कैरोतही दिसते आणि दिल्लीतही.

---

तख्तपोशी:

आक्षेप मान्य, पण अर्धाच. ‘दहा हजार कुटुंबे’ हा आकडा फुगवलेला असू शकतो. जमातीचे नाव फुगवण्याचे मात्र काहीच कारण नव्हते, कारण दिल्लीत त्या नावाला स्वतःचे असे वजन नव्हते. ते वजन बलबनामुळे आले. पुढे बलबनाने आपला वंश फारसी महाकाव्यातल्या अफ्रासियाब राजाशी नेऊन भिडवला, त्यावरून निव्वळ इल्बारी असणे त्याला पुरेसे वाटत नव्हते हे उघड आहे.

---

रानजाई:

मला जॉर्जियाच्या प्रकरणाबद्दल लिहायचे आहे, कारण स्थलांतराचा करार कसा होतो हे तेथे अगदी जवळून पाहता येते. रशियन राजपुत्र व्लादिमिर मोनोमाख याच्या मोहिमांनी, विशेषतः ११११च्या मोहिमेने, डॉनकाठच्या किपचाकांचे कंबरडे मोडले होते. त्यांचा खान शारुकान याचा मुलगा ओत्रोक दक्षिणेला कॉकेशसकडे सरकला. जॉर्जियाचा राजा दाविद हा त्याचा जावई होता आणि त्याला सेल्जुक तुर्कांविरुद्ध फौज हवी होती. स्वतःचे सरदार त्याला पुरेसे विश्वासाचे वाटत नव्हते, हेही एक कारण होतेच. वाटेत मात्र अलान लोक होते आणि त्यांचे किपचाकांशी हाडवैर होते. राजा १११८च्या सुमारास स्वतः कॉकेशसपार गेला, त्याने दोन्हीकडून ओलीस घेतले, समेट घडवला, दर्याल खिंडीतील किल्ले ताब्यात घेतले आणि किपचाकांना वाट करून दिली. बखरीनुसार ४०,००० लढवय्ये कुटुंबकबिल्यासह आले. हा आकडा शब्दशः घेऊ नये, पण वस्ती मोठी होती यात शंका नाही. राजाने त्यांना घोडे, हत्यारे, हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची वेगवेगळी ठिकाणे नेमून दिली. १२ ऑगस्ट ११२१ रोजी दिद्गोरीच्या लढाईत आणि पुढच्या वर्षी तिबिलिसी जिंकताना ही फौज कामी आली. त्यांतील काहींनी राजावरच कट केल्याचेही तीच बखर नमूद करते.

मोनोमाख ११२५ साली वारल्यावर काय झाले, याची गोष्ट रशियन बखरीत आहे. डॉनकाठी मागे राहिलेला ओत्रोकचा भाऊ सिर्चान याने एका गायकाला जॉर्जियाला पाठवले आणि सांगितले, की मोनोमाख मेला हे सांग, आपली गाणी गाऊन दाखव, आणि तरीही तो येईना तर ही यवशानाची काडी हुंगायला दे. यवशान ही त्या गवताळ मुलखातली कडवट वासाची वनस्पती, आपल्याकडच्या दवण्याच्याच कुळातली. बातमीने आणि गाण्यांनी ओत्रोक हलला नाही. वास घेतला आणि रडला, आणि परक्या मुलखात कीर्तिमान होण्यापेक्षा आपल्या मातीत हाडे पडलेली बरी, असे म्हणून परत निघाला. त्याचा मुलगा कोन्चाक. त्यानेच ११८५ साली राजपुत्र इगोरला कैद केले.

ही कथा साहित्य म्हणून सुंदर आहे, पण तिच्यामुळे एक गोष्ट झाकली जाते: ओत्रोकबरोबर सगळे परतले नाहीत. बरेच किपचाक जॉर्जियातच राहिले, बाप्तिस्मा घेऊन तेथलेच झाले, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात तिसऱ्या गिओर्गी राजाच्या काळात कुबासार नावाचा किपचाक वंशाचा माणूस सेनापतिपदापर्यंत पोहोचला होता. परतणाऱ्या खानाचे गाणे होते. राहणाऱ्यांची नोंद पगारपत्रकात होते.

---

दर्यावर्दी_८८:

धाग्यात इजिप्तचा केवळ उल्लेख आला आहे, तेव्हा भर घालतो. मंगोलांच्या स्वारीने किपचाक मुलांची गुलामबाजारात इतकी आवक झाली की भाव पडले, आणि इजिप्तचा अय्यूबी घराण्यातला सुलतान अस-सालिह याने १२४०च्या दशकात ती मोठ्या संख्येने खरेदी केली. नाईल नदीतल्या रौदा बेटावर त्यांच्या बराकी होत्या, म्हणून त्या दलाला बहरी (बहर म्हणजे नदी) म्हणत. कलावून याला १,००० दिनारांना घेतले होते, आणि एवढी किंमत मोजली गेली याचा त्याला अभिमान होता. ‘अल्फी’, म्हणजे हजारी, हे बिरुद त्याने सुलतान झाल्यावरही टाकले नाही. बैबर्सच्या एका डोळ्यात पांढरा डाग होता म्हणून एका गिऱ्हाइकाने त्याला परत केले होते, असे सांगतात. ३ सप्टेंबर १२६० रोजी पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालुतला मंगोलांना हरवणाऱ्या फौजेचा कणा हीच मुले होती.

यातला व्यवहार मात्र नीट समजून घ्यावा. पुरवठा चालू राहण्यासाठी क्रिमियाची बंदरे आणि बॉस्फरसची सामुद्रधुनी खुली असणे आवश्यक होते. म्हणून बैबर्सने व्होल्गाकाठचा मंगोल खान बर्के याच्याशी मैत्री केली, कॉन्स्टँटिनोपलच्या आठव्या मिखाएल सम्राटाशी करार केला, आणि जेनोवाच्या व्यापाऱ्यांना वाट मोकळी ठेवली. एका मंगोल घराण्याच्या राज्यातून विकली गेलेली मुले दुसऱ्या मंगोल घराण्याशी लढत होती आणि मधल्या सर्वांना त्यात दलाली मिळत होती. याला स्थलांतर म्हणायचे की नाही, हे धागाकर्त्यांनी ठरवावे. ज्यांनी कातड्यांच्या तराफ्यांवरून नद्या ओलांडल्या त्यांच्याच पोरांना जहाजांच्या तळघरांतून नेले गेले, आणि संख्येने हा ओघ काही लहान नव्हता.

---

गवताळ_वाट (धागाकर्ता):

सर्व प्रतिसादांबद्दल आभार. दर्यावर्दी, मी याला स्थलांतरच म्हणेन, केवळ त्यात मर्जीचा भाग नाही. तसा तो हंगेरीच्या बाबतीतही अर्धाच होता, म्हणून त्याविषयी लिहितो.

१२२२च्या सुमारास कॉकेशसच्या उत्तरेला जेबे आणि सुबुताई या मंगोल सेनापतींपुढे किपचाक आणि अलान एकत्र उभे होते. अरबी इतिहासकार इब्न अल-असीर सांगतो की मंगोलांनी किपचाकांना निरोप धाडला: तुम्ही-आम्ही एकाच रक्ताचे, हे अलान तुमचे कोणी नव्हेत, त्यांना सोडा, तुम्हाला हवा तो माल देतो. किपचाक निघून गेले. अलानांना संपवून मंगोल त्यांच्या मागे आले आणि दिलेल्या मालाच्या दुप्पट वसूल करून गेले. मग खान कोत्यान आपल्या जावयाकडे, गालिचच्या म्स्तिस्लावकडे गेला, आणि आज आमची जमीन घेतली, उद्या तुमची घेतील, असे त्याने सांगितले. ३१ मे १२२३ रोजी कालका नदीवर दोघेही हरले.

१२३९ साली कोत्यान आपले लोक घेऊन हंगेरीच्या चौथ्या बेलाकडे आला. रोगेरियस हा तेव्हा हंगेरीत असलेला इटालियन पाद्री आकडा ४०,००० देतो. कळपांनी शेते तुडवली, तक्रारी झाल्या, राजा पाहुण्यांचीच बाजू घेतो अशी ओरड झाली. १२४१च्या वसंतात मंगोल खिंडीत आले तेव्हा हे त्यांचेच हेर आहेत असे म्हणत पेस्टमध्ये कोत्यानला घरात घुसून मारले गेले. त्याचे लोक वाटेतली गावे लुटत बल्गेरियाकडे निघून गेले, आणि ११ एप्रिलला मोहीच्या मैदानात बेलाला जे हलके घोडदळ सर्वाधिक हवे होते तेच त्याच्यापाशी नव्हते. मंगोल परतल्यावर बेलाने त्यांना पुन्हा बोलावले आणि आपल्या मुलाचे लग्न कुमन सरदाराच्या मुलीशी लावले. तिचा मुलगा चौथा लास्लो. पोपच्या प्रतिनिधीने १२७९ साली कुमनांनी नमद्याचे तंबू सोडून घरांत राहावे असे फर्मान काढायला लावले, पण दाढी आणि केस राखण्याची त्यांची रीत तेवढी चालू दिली. लास्लोला १२९० साली कुमनांनीच ठार मारले.

टिसा नदीच्या पूर्वेचा नाज्कुनशाग आणि डॅन्यूब-टिसा दोआबातला किश्कुनशाग हे मुलूख आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. १७०२ साली सम्राट लिओपोल्डने हे मुलूख ट्यूटॉनिक सरदारसंघाला विकून टाकले, तेव्हा तेथल्या लोकांनी पैसे जमवले आणि १७४५ साली मारिया थेरेसाकडून आपले स्वातंत्र्य विकत परत घेतले. त्यांचा स्वतंत्र कारभार १८७६पर्यंत टिकला. भाषा त्याआधीच गेली होती. ती जाणणारा शेवटचा माणूस म्हणून कार्त्साग गावच्या इश्तवान वार्रो याचे नाव घेतात, तो १७७० साली वारला. तरीही ‘बेझेन अत्तमझ’ अशा आरंभाची येशूची प्रार्थना कुन मुले विसाव्या शतकापर्यंत पाठ म्हणत होती, पिढ्यांच्या घोकंपट्टीने शब्द इतके मोडले होते की तुर्की भाषांच्या अभ्यासकांना ते जुळवून लावावे लागले.

---

हस्तलिखित:

भाषेचा मुद्दा निघाला म्हणून उलट दिशेचे उदाहरण. युक्रेनमधील कामिनेत्स-पोदिल्स्की आणि ल्विव्ह येथील आर्मेनियन व्यापारी समाज १६व्या-१७व्या शतकांत आपले न्यायालयीन दप्तर किपचाक भाषेत, आर्मेनियन लिपीत लिहीत असे. १६१८ साली ल्विव्हला याच भाषेत प्रार्थनापुस्तक छापले गेले. हे लोक वंशाने आर्मेनियन आणि धर्माने ख्रिस्ती होते; क्रिमियातील वास्तव्यात तेथली बाजाराची भाषा त्यांच्या घरात शिरली. त्या बाजाराची कल्पना येण्यासाठी व्हेनिसच्या सेंट मार्क ग्रंथालयातले कोडेक्स कुमानिकुस हे हस्तलिखित पाहावे. त्याच्या पहिल्या भागावर १३०३ हे वर्ष आहे आणि त्यात लॅटिन, फारसी आणि कुमन शब्दांचे रकाने शेजारी शेजारी आहेत: मसाले, कापड, हत्यारे, घोड्याचा साज. मिशनऱ्यांनी लिहिलेल्या दुसऱ्या भागात प्रार्थनांबरोबर चक्क कुमन कोडी आहेत.

मंगोलांचेही हेच झाले. कैरोतील अल-उमरी १४व्या शतकात लिहितो, की तातारांनी किपचाकांना जिंकले, पण त्यांच्यात सोयरिकी करून, त्यांच्याच भूमीवर राहून शेवटी तेच किपचाकांसारखे झाले. कझाक, तातार, बाश्कीर, नोगाई, कुमिक, कराकल्पाक या भाषा आज किपचाक शाखेत मोडतात, त्याचे कारण या एका वाक्यात आहे.

---

रानजाई:

मग आज कझाकांच्या मध्य झूझमध्ये (त्यांच्या जमातींच्या तीन मोठ्या गटांपैकी एकात), किरगीझांत आणि उझबेकांत ‘किपचाक’ नावाची जमात आहे, तिला थेट वंशज मानावे का?

---

गवताळ_वाट (धागाकर्ता):

नाव थेट आले आहे. रक्ताविषयी तसे म्हणणे कठीण आहे. फरगाना खोऱ्यातले किपचाक याचे चांगले उदाहरण आहेत. १८४०च्या दशकात त्यांचा पुढारी मुसुल्मानकुल याने खुदायार या अल्पवयीन खानाला तख्तावर बसवून तेथल्या कोकंद राज्याचा सगळा कारभार हाती घेतला, आणि १८५२ साली वयात आलेल्या त्याच खानाने त्याला देहांत दिला व किपचाकांची सरसकट कत्तल केली. त्यांच्या जमिनी जप्त होऊन शेतकऱ्यांना दिल्या गेल्या. त्यानंतर तेथे किपचाक म्हणवून घेणे जिवावरचे होते, आणि दहाएक वर्षांनी किपचाकांच्या पाठिंब्यावर आलिमकुल सत्तेवर आल्यावर तेच पुन्हा फायद्याचे झाले. अशा ठिकाणी जमातीचे नाव पिढीगणिक घेतले आणि टाकले जाते. इर्तिशकाठच्या किमाक संघातही ते याहून वेगळ्या रीतीने चालत असेल, असे मानायला मला कारण दिसत नाही.